हिब्रू राजांची नावे आणि त्यांची साक्ष

शलमोनाच्या मृत्यूनंतर, म्हणजे सुमारे इ. स. पू. ९३० मध्ये, हिब्रू राज्याची दोन शकले झाली. उत्तरेचे इस्राएल सुमारे दोनशे वर्षे टिकले व इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी सत्तेने ते बुडविले. दक्षिणेचे यहूदा त्यानंतर आणखी सुमारे एकशेपस्तीस वर्षे जगून बाबिलोनच्या हातून नष्ट झाले. उत्तरेकडे एकोणीस राजे झाले. दक्षिणेकडेही तितकेच झाले आणि मध्यंतरी सहा वर्षे अथल्या या राणीने राज्य केले. या सर्वांची माहिती देणारा मुख्य आधार म्हणजे जुन्या करारातील 'राजे' हा ग्रंथ होय. परंतु हा ग्रंथ राजांचा इतिहास सांगण्यासाठी लिहिलेला नाही, तर त्यांचा निवाडा करण्यासाठी लिहिलेला आहे. राजाने यरुशलेमेबाहेर उपासना चालू दिली काय, परदैवतांना थारा दिला काय, एवढेच प्रश्न ग्रंथकार प्रत्येकाला विचारतो. जिम्री हा अवघे सात दिवस गादीवर होता. तरीही तो यराबामाच्या पापमार्गाने चालला, असा ठराविक शेरा त्याला चुकलेला नाही. अन्य माहितीसाठी राजांच्या बखरी पाहाव्यात, असे ग्रंथकार पुनःपुन्हा सुचवितो. त्या बखरी मात्र काळाच्या उदरात गडप झाल्या.

अशा परिस्थितीत निवाड्याच्या कक्षेबाहेरचा पुरावा कोठे मिळेल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. उत्खननांतून निघालेले प्रासाद, तटबंद्या व खापरे यांचा विचार पुराणवस्तुशास्त्रज्ञ करतात. भाषाशास्त्राच्या हाती मात्र एक वेगळेच साधन आहे, ते म्हणजे राजांची नावे. नाव हे राजाच्या जन्माच्या किंवा राज्यारोहणाच्या वेळी ठेवले जाते. त्याच्या कारकिर्दीविषयी पुढे कोणी काय लिहिणार आहे, याची त्या नावाला कल्पना नसते. शिवाय हीच नावे मवाबी, अरामी, अश्शूरी व बाबिलोनी लेखनिकांनी आपापल्या लिपीत, आपापल्या कानाने लिहून ठेवलेली आहेत. या साक्षींची परस्परांशी तुलना केली असता काही ठिकाणी ग्रंथाला पुष्टी मिळते, काही ठिकाणी त्याच्या निवाड्याला छेद जातो, तर काही ठिकाणी अभ्यासकांनीच रचलेली अनुमाने ढासळतात.

प्रथम नावांची घडण पाहिली पाहिजे. हिब्रू व्यक्तिनाम हे बहुधा एक लहानसे वाक्यच असते. त्यात एक पद देवतेचे व दुसरे क्रियेचे किंवा गुणाचे. 'यहोशाफाट' म्हणजे 'याह्वेने न्याय केला', 'हिज्कीया' म्हणजे 'याह्वेने बळ दिले' आणि 'योशीया' या नावात याह्वेने आधार द्यावा असा भाव आहे. देवतावाचक पद आरंभी आले की त्याचे रूप 'यहो-' किंवा 'यो-' होते व शेवटी आले की '-याहू' किंवा '-या' होते. मराठी बायबलात ही अंत्यरूपे अहज्या, अमस्या, जखऱ्या, मत्तन्या अशी उतरली आहेत. मराठी वाचकाला विठ्या, गणप्या या नावांतील सलगीचा किंवा तुच्छतेचा '-या' परिचित असल्यामुळे त्याचा येथे सहज गैरसमज व्हावा. प्रत्यक्षात हा '-या' म्हणजे देवाच्या नावाचाच अवशेष आहे.

पदांचा क्रम बदलला तरी नाव तेच राहते, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 'यहोआहाज' आणि 'अहज्या' या दोहोंत 'याह्वे' व 'धरणे' हीच दोन पदे आहेत. म्हणूनच यहूदाच्या ज्या राजाला 'राजे' ग्रंथ अहज्या म्हणतो, त्याला 'इतिहास' ग्रंथात एके ठिकाणी यहोआहाज म्हटलेले आढळते. यहोयाखीन, यखन्या व कोन्या ही तिन्ही नावे एकाच दुर्दैवी राजाची आहेत. राजवंशावळी लावताना या साध्या व्याकरणाकडे दुर्लक्ष झाले, तर एका माणसाचे दोन व दोघांचा एक होण्यास वेळ लागत नाही.

आता उत्तरेचा राजा अम्री याच्याकडे वळू. 'राजे' ग्रंथात त्याच्या कारकिर्दीस अवघी सहा वचने मिळाली आहेत. त्याने शेमेर नावाच्या मनुष्याकडून दोन किक्कार चांदीला एक टेकडी विकत घेतली, तीवर शोमरोन ही राजधानी वसविली आणि पूर्वीच्या सर्वांपेक्षा अधिक दुष्टपणा केला, एवढेच ग्रंथकाराला सांगावयाचे आहे. परंतु इ. स. १८६८ मध्ये मृत समुद्राच्या पूर्वेस दिबान येथे सापडलेल्या मवाबच्या मेशा राजाच्या शिलालेखात, इस्राएलचा राजा अम्री याने मवाबला दीर्घकाळ पीडा दिली, असे शत्रूनेच नमूद केले आहे. अश्शूरी दप्तरात तर इस्राएलचे राज्यच 'बीत खुम्री', म्हणजे 'अम्रीचे घराणे', या नावाने ओळखले जाई. अश्शूरी लिपीत हिब्रूतील 'अयिन' या कंठ्य व्यंजनासाठी चिन्ह नव्हते, म्हणून तेथे 'ख' आला. 'इस्राएल' हे राष्ट्रनाम मात्र अश्शूरी लेखांत एकदाच आढळते. तिसऱ्या शल्मनेसरने इ. स. पू. ८५३ मध्ये कर्कार येथे झालेल्या लढाईतील प्रतिपक्षाची यादी दिली आहे. तीत 'अहाब्बू सिर्अलाया', म्हणजे इस्राएलचा अहाब, दोन हजार रथ व दहा हजार पायदळ घेऊन उभा असल्याचे म्हटले आहे. रथांचा आकडा फुगविलेला असावा असा संशय अनेकांनी व्यक्त केला असून तो अनाठायी म्हणता येणार नाही. पण अहाब हा त्या संघातील एक प्रमुख राजा होता, याविषयी संशय नाही. 'राजे' ग्रंथात या लढाईचा उल्लेखही नाही.

याच शल्मनेसरच्या काळ्या पाषाणस्तंभावर इ. स. पू. ८४१ च्या सुमाराची खंडणी अर्पण करणारा 'याउआ मार खुम्री' कोरलेला आहे. हा येहू होय, असे बहुतेक विद्वान मानतात. 'मार खुम्री' याचा शब्दशः अर्थ 'अम्रीचा पुत्र'. येथे इतिहासाचा विलक्षण उपरोध दिसतो, कारण ग्रंथानुसार अम्रीच्या घराण्याची कत्तल करूनच येहू गादीवर आला होता. अश्शूरी लेखनिकाला या रक्तपाताशी कर्तव्य नव्हते. राज्य अम्रीचे म्हणून राजा अम्रीचा, इतका त्याचा हिशेब सरळ होता. या दोन नावांमुळे कालगणनेसही आधार मिळतो. ८५३ ते ८४१ ही बारा वर्षे. ग्रंथात अहाब व येहू यांच्या दरम्यान अहज्याला दोन व योरामाला बारा अशी चौदा वर्षे दिली आहेत. परंतु राज्यारोहणाचे अपुरे वर्ष पूर्ण धरून दोनदा मोजण्याची पद्धत लक्षात घेतली, की प्रत्येकी एक वर्ष वजा होते आणि हिशेब तंतोतंत जुळतो.

अहाबाविषयी नावे आणखी एक गोष्ट सांगतात व ती अधिक अर्थपूर्ण आहे. ग्रंथात अहाब हा बआलपूजेचा पुरस्कर्ता म्हणून कलंकित झाला आहे. त्याची सीदोनी पत्नी ईजबेल हिने याह्वेचे संदेष्टे मारविले, असे तेथे म्हटले आहे. असे असता त्याच्या मुलांची नावे अहज्या व योराम. अथल्या त्याची कन्या की भगिनी याविषयी वाद आहे. पण तिचेही नाव याह्वेवरूनच आहे. इतकेच नव्हे, तर यराबाम, नादाब, बाशा, एला, जिम्री, अम्री, अहाब या उत्तरेच्या राजांपैकी एकाच्याही नावात याह्वे नाही. ते प्रथम अवतरते अहाबाच्या पुत्रांच्या नावांत! बआलसाठी याह्वेचा त्याग केलेल्या पित्याने आपल्या वारसांना याह्वेचे नाव द्यावे, हे संभवत नाही. अहाबाने सीदोनी दैवतालाही राजाश्रय दिला असेल; पण त्याच्या घराण्याचे कुलदैवत याह्वेच होते, असे अनुमान या नावांवरून काढणे भाग आहे. ग्रंथकाराने जी गोष्ट त्याग म्हणून रंगविली, ती बहुधा राजनैतिक सोयीची दुहेरी निष्ठा होती.

बआल या शब्दाविषयीही सावधगिरी हवी. त्याचा मूळ अर्थ 'मालक' असा असून तो 'पती' या अर्थानेही येतो. मराठीतील 'धनी' या शब्दात हे दोन्ही अर्थ जसे एकत्र नांदतात, तसेच हे आहे. तेव्हा एके काळी हे विशेषण स्वतः याह्वेलाही लावले जात असावे. होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथात, यापुढे मला 'माझा बआल' म्हणू नका, असे देवाच्या तोंडी घातले आहे. प्रचारात नसलेल्या गोष्टीचा निषेध कोणी करीत नाही. शौलाच्या पुत्राचे नाव 'इतिहास' ग्रंथात 'एश्बाल' असे आहे, तर 'शमुवेल' ग्रंथात तेच 'ईश-बोशेथ' झाले आहे. दाविदाच्या एका पुत्राचे नाव एका ठिकाणी 'बेल्यादा', तर दुसऱ्या ठिकाणी 'एल्यादा' असे येते. 'बोशेथ' म्हणजे लज्जा. बआल हे नाव उच्चारण्याचीही किळस आलेल्या उत्तरकालीन लेखनिकांनी हा पालट केला, असे सामान्यतः मानतात. 'बोशेथ' हा शब्द मुळात अक्कडी भाषेतील प्रतिष्ठावाचक शब्दाशी निगडित असावा, असाही एक पक्ष आहे. पण बेल्यादाच्या नावातील पालटाचा उलगडा त्या पक्षाला करता येत नाही. इ. स. २०१५ मध्ये खिर्बेत कैयाफा येथील एका रांजणावरचा 'एश्बाल बेन बेदा' हा लेख प्रसिद्ध झाला. तो इ. स. पू. १००० च्या आसपासचा आहे. हा एश्बाल शौलपुत्र नव्हे. तथापि त्या काळी हे नाव प्रचारात होते, एवढे त्यावरून निर्विवाद ठरते. जो 'इतिहास' ग्रंथ उत्तरकालीन म्हणून अविश्वसनीय गणला जातो, त्यानेच येथे जुने रूप जतन केले आहे.

उत्तर व दक्षिण यांतील बोलीभेदही या नावांत उमटला आहे. इ. स. १९१० मध्ये शोमरोन येथे सापडलेल्या खापरांवरील नोंदी इ. स. पू. आठव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहेत. राजवाड्यात आलेल्या जुन्या मद्याच्या व तेलाच्या या पोचपावत्या आहेत. त्यांत 'गद्दियाउ', 'शमर्याउ' अशी नावे येतात; म्हणजे दक्षिणेत जेथे '-याहू', तेथे उत्तरेत हकार लोपून '-याउ'. मद्यालाही दक्षिणेत 'यायिन' लिहीत, तर येथे दोन यकारांऐवजी एकच यकार आहे. संयुक्त स्वर आकुंचन पावून शब्द 'येन' झाला होता, हे त्यावरून उघड होते. एकाच राजवंशातून फुटलेली म्हणून वर्णिलेली ही राज्ये भाषेच्या दृष्टीने निदान आठव्या शतकात तरी वेगळ्या वळणाची होती. याच पोचपावत्यांत 'अबीबाल', 'मरीबाल' अशीही नावे आहेत. येहूने बआलपूजेचा समूळ उच्छेद केला, असे ग्रंथ सांगतो. उच्छेदानंतर काही दशकांनी राजधानीच्या दप्तरातच ही नावे निःशंकपणे लिहिली जात होती. वर्षांचे आकडे लिहिणाऱ्या या कारकुनांनी राजाचे नाव मात्र एकाही खापरावर लिहिले नाही. समकालीनाला त्याची गरज नसते.

या बोलीभेदाचा निर्णय अश्शूरी लेखांवरून करू पाहणे धोक्याचे आहे. अश्शूरी भाषेत हिब्रूसारखा सौम्य हकार नसल्याने दक्षिणेचा हिज्कीयाही तेथे 'खजाकियाउ' होतो. ज्या कानाला भेद ऐकूच येत नाही, त्याची साक्ष त्या भेदाविषयी घेता येत नाही. तेल दान येथे १९९३ व १९९४ मध्ये सापडलेल्या अरामी शिलालेखाचे दुर्दैव निराळेच आहे. त्यात इस्राएलच्या एका राजाच्या नावाचा '...राम' एवढाच शेवट व दुसऱ्या एका नावाचा '...याहू' एवढाच शेवट उरला आहे. हे योराम व अहज्या असावेत, हा तर्क सयुक्तिक आहे. पण योरामाच्या नावाचा जो आरंभ बोलीविषयी काही सांगू शकला असता, तोच फुटून गेला आहे. त्याच लेखात 'ब्-य्-त्-द्-व्-द्' ही अक्षरे सलग आली आहेत. लेखात इतरत्र शब्दांमध्ये बिंदू असता येथे तो नाही, यावरून काहींनी 'दावीदाचे घराणे' या वाचनास हरकत घेतली. परंतु 'बीत खुम्री' या धर्तीचे राज्यनाम एकपदच समजले जाणे स्वाभाविक आहे. हे वाचन आज बहुमान्य असून दाविदाच्या नावाचा ग्रंथाबाहेरील हा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख ठरतो. अर्थात त्यावरून घराण्याचा मूळपुरुष सिद्ध होतो, त्याच्या साम्राज्याचा विस्तार नव्हे.

आहाज या यहूदाच्या राजाचे प्रकरण अभ्यासकांना विशेष बोधप्रद आहे. तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरने खंडणी देणाऱ्या राजांच्या यादीत त्याचे नाव 'याउखाजी याउदाया' असे दिले आहे. म्हणजे त्याचे पूर्ण नाव यहोआहाज होते. मग ग्रंथात केवळ 'आहाज' का? या अधर्मी राजाच्या नावाला याह्वेचा स्पर्शही नको म्हणून लेखनिकांनी ते पद छाटले, असे स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले जात होते. स्पष्टीकरण मोठे मनोहर होते. पण यरुशलेमेत २००९ च्या उत्खननात सापडलेल्या व २०१५ मध्ये जाहीर झालेल्या मृत्तिकेच्या मुद्रांकावर 'हिज्कीयाहू, आहाजाचा, यहूदाचा राजा' अशी अक्षरे आहेत. प्रत्यक्ष पुत्राच्या राजमुद्रेत पित्याचे नाव संक्षिप्तच आहे. हिज्कीया धर्मसुधारक असला, तरी तो स्वतःच्या मुद्रेत पित्याची विटंबना करील हे पटत नाही. तेव्हा 'आहाज' हे त्या काळचेच रूढ व शासनमान्य संक्षिप्त रूप मानले पाहिजे. देवदत्ताचा दत्त व सत्यभामेची भामा होते, हे ज्यांच्या वैयाकरणांनी पूर्वीच नोंदविले, त्यांना यात नवल वाटू नये.

हिज्कीयाचे नाव पाठचिकित्सेसही उपयोगी पडते. इ. स. पू. ७०१ मध्ये सन्हेरीबने यहूदावर स्वारी केली. हिज्कीयाने तीस किक्कार सोने दिले, असे 'राजे' ग्रंथ व सन्हेरीबचा लेख दोन्हीही सांगतात; चांदी मात्र ग्रंथात तीनशे व अश्शूरी लेखात आठशे किक्कार आहे. खंडणीचा हा वृत्तांत २ राजे १८ मधील १४ ते १६ या तीन वचनांत आला असून त्यांत राजाचे नाव सर्वत्र 'हिज्कीया' असे लघुरूपात आहे. सतराव्या वचनापासून अश्शूरी सरदारांच्या आगमनाची व नगराच्या चमत्कारिक सुटकेची कथा सुरू होते आणि तत्काळ नाव 'हिज्कीयाहू' असे दीर्घ होते. यशयाच्या ग्रंथात हीच कथा पुन्हा आली आहे. तेथे ती तीन वचने नाहीत. दोन निरनिराळ्या मूळ कागदांचा सांधा येथे एका अक्षराने उघडा पडला आहे. मराठी भाषांतरात दोन्हीकडे 'हिज्कीया'च छापले जात असल्याने हा सांधा मूळ हिब्रू पाठ उघडल्यावाचून दिसत नाही. याच नावातील 'बळ देणे' हा धातू यहेज्केल या नावातही आहे. मुंबईत १७९६ मध्ये बेने इस्राएल समाजाचे पहिले सभास्थान बांधणारे सामुएल यहेज्केल दिवेकर हे मराठीत सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात. कोकणी जिभेवर त्या धातूचे काय झाले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

शेवटच्या राजांच्या काळी नाव ठेवण्याचा अधिकारही परक्यांकडे गेला. मिसरच्या नखो राजाने एल्याकीमला गादीवर बसवून त्याचे नाव यहोयाकीम केले. 'एल' या सामान्य देववाचक पदाच्या जागी 'याह्वे' एवढाच बदल. नबुखद्नेस्सरने मत्तन्याचा सिद्कीया केला. दोन्ही परकीय सम्राटांनी यहूदाच्याच देवाचे नाव निवडावे, याचे कारण बहुधा असे, की मांडलिकाला निष्ठेची शपथ त्याच्या स्वतःच्या देवासमोर घ्यावी लागे आणि ते नाव त्या शपथेचे नित्य स्मरण देई.

या सिद्कीयाच्या आधीचा राजा यहोयाखीन इ. स. पू. ५९७ मध्ये कैद होऊन बाबिलोनला गेला. त्या प्रसंगी नबुखद्नेस्सरने आपल्या पसंतीचा राजा नेमला, असे बाबिलोनी वृत्तांतात म्हटले आहे. त्या राजाचे नाव मात्र दिलेले नाही. उलट बाबिलोनच्या राजवाड्यात निघालेल्या व १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोठारखान्याच्या इष्टिकांवर 'याउकिनु, यहूदाचा राजा' याला व त्याच्या पाच पुत्रांना दिलेल्या तेलाच्या शिध्याच्या नोंदी आहेत. त्यांपैकी एकीवर इ. स. पू. ५९२ शी जुळणारे वर्ष आहे. त्या वर्षी यरुशलेमेत गादीवर सिद्कीया होता. परंतु सम्राटाच्या कोठारातील कारकुनाच्या लेखी यहूदाचा राजा बंदिवासातील यहोयाखीन हाच होता.